पाट्याचे नवे बुश वर्षभरात का जातात?

पाऊस उघडला की या सदराकडे येणारी पत्रं बदलतात. जून ते सप्टेंबर ब्रेक, वायपर आणि ओल्या वायरिंगचे प्रश्न येतात. दसरा-दिवाळी जवळ आली की गाडीखालच्या खटखटीचे. नाशिकजवळच्या त्र्यंबक, हरसूल, पेठ, सुरगाणा या पट्ट्यात चार महिने चिखलात फिरलेली गाडी सगळा हिशेब नंतर मागते. या वेळची बहुतेक पत्रं बुशबद्दलच आहेत. बुश म्हणजे लोखंडी जोडाच्या मधे बसणारा, बहुधा रबराचा गोल तुकडा; पाटा म्हणजे लोखंडी पट्ट्या एकावर एक रचून केलेली स्प्रिंग. म्हणून एक पत्र सविस्तर घेतो, बाकीची थोडक्यात.

प्रश्न : काका, नमस्कार. माझ्याकडे २००६ची जिप्सी किंग आहे, सेकंडहँड घेतलेली. आम्ही मित्र सुट्टीच्या दिवशी हरसूल, वाघेरा, इगतपुरीच्या बाजूला कच्च्या रस्त्यांवर जातो. मागच्या दिवाळीला चारही पाट्यांचे बुश बदलले. पार्ट कंपनीचे होते, पाकिटं मी स्वतः फोडली. गॅरेजवाल्याने गाडी लिफ्टवर असतानाच माझ्यासमोर सगळे नट पूर्ण टाइट करून दिले. तरी या पावसाळ्यात पुन्हा तीच खटखट. स्पीडब्रेकरवर हळू गेलं तरी आवाज येतो, आणि ब्रेक मारला की गाडी डावीकडे जाते. आता गॅरेजवाला म्हणतो की रबर टिकत नाही, पॉलीचे बुश टाका. टाकू का? आणि हे काम घरी करता येईल का?
— एक वाचक, म्हसरूळ

उत्तर : पॉलीचे, म्हणजे पॉलियुरेथेन या कठीण प्लास्टिकचे, टाकू नका. निदान आत्ता तरी नाही. तुमच्या रबराचा काही दोष नव्हता, आणि दुखण्याचं मूळ तुम्हीच लिहून पाठवलं आहे : ‘गाडी लिफ्टवर असतानाच सगळे नट पूर्ण टाइट करून दिले.’ तुमच्या गॅरेजवाल्यावर राग धरू नका, दहातले आठ जण असंच करतात. पण हे चुकीचं आहे आणि ते का चुकीचं आहे हे गाडी चालवणाऱ्यालाही कळलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. मी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा ट्रेड शिकवत होतो, तेव्हा हा एकच मुद्दा पोरांकडून पुन्हा पुन्हा वदवून घ्यायचो.

पुष्कळ फिटर बुशला बेअरिंग समजतात. बेअरिंगमध्ये एक भाग दुसऱ्यावर घसरत फिरतो. रबराच्या बुशमध्ये काहीच घसरायचं नसतं. नट आवळला की रबर दाबलं जातं. आतून ते पिनला धरतं, बाहेरून पाट्याच्या टोकाच्या गोल कडीला. गाडी खड्ड्यात गेली की पाटा सरळ होतो किंवा आणखी गोल होतो, त्याबरोबर कडी थोडी फिरते, आणि पिन व कडी यांच्या मधलं रबर तेवढंच पिळतं. पाटा जागेवर आला की पीळ सुटतो. एवढंच त्याचं काम. हे ते वर्षानुवर्षं करू शकतं.

आता गाडी चेसिसला धरून उचलली की चाकं लोंबतात आणि पाट्याची कमान जास्त गोल होते. त्या अवस्थेत नट आवळला, तर रबराने पकड घेतली ती लोंबत्या पाट्याच्या कोनात. मग गाडी जमिनीवर उतरली, पाटा वजनाने सरळ झाला, आणि रबर पिळलं. ते पिळलेलंच राहतं. गाडी दारात उभी असताना, रात्रभर, महिनोन्‌महिने. खड्ड्यातला पीळ त्याच्या वरचा. मान आधीच एका अंगाला वळवून बांधलेल्या माणसाला आणखी वळ म्हणावं, तसं ते होतं. रबर मग एकतर फाटतं, नाहीतर पिनवरची पकड सोडून घासायला लागतं. घासायला लागलं की चिखलातली बारीक रेती आत शिरते आणि उरलेलं काम ती करते.

यावर उपाय फुकटचा आहे. नट हाताने बसवायचे, गाडी चाकांवर उभी करायची, वजन पाट्यांवर येऊ द्यायचं आणि मगच शेवटचं आवळायचं. सर्व्हिस मॅन्युअलमध्येही हेच लिहिलेलं असतं.

पण तुमची खटखट बुशचीच आहे हे आधी पक्कं करू. आवाज ऐकून पार्ट बदलत सुटलं तर पैसे जातात आणि आवाज राहतो. टॉर्च घेऊन गाडीखाली बघा. गाडी सपाट जागी, चाकं जमिनीवर, पुढेमागे दगड लावलेले. प्रत्येक कडीत पिन मधोमध आहे का ते पाहा. चांगल्या बुशची कॉलर दोन्ही अंगांना सारखी दिसते आणि पिनभोवती रबराची जाडी सगळीकडे एकसारखी असते. गेलेल्या बुशमध्ये पिन एका बाजूला टेकलेली असते आणि दुसऱ्या बाजूने रबर ओठासारखं बाहेर आलेलं असतं. मग शॅकलची (पाट्याचं एक टोक चेसिसला जोडणाऱ्या झुलत्या दुव्याची) पट्टी आणि पाट्याची कड यांच्यामधली फट बघा. तिथे गंजलेल्या लोखंडावर चमकदार, नुकतीच घासल्यासारखी चंद्रकोर दिसली तर लोखंड लोखंडाला लागतंय. ती चमक म्हणजे पुरावा. ती दिसली की आणखी काही विचारायची गरज नाही.

नंतर एका मित्राला गाडीच्या बाजूला उभं करून तिला आडवं हलवायला सांगा आणि तुम्ही शॅकलवर हात ठेवा. कानाला आवाज कुठून येतोय ते फसवतं, हाताला टक्‌ लागतं ते फसवत नाही. बोटं फटीत घालू नका. खात्री हवी असेल तर पहार घ्या, शॅकल आणि कडी यांच्यामध्ये टेकवून हलकेच उचला. रबर थोडं दबणारच. लोखंड सरकन हललं आणि आवाज आला तर बुश गेला.

ब्रेकला गाडी डावीकडे जाते, त्याची तपासणी वेगळी. आधी ब्रेक बघा : पिस्टन अडकलाय का, पॅड एकाच बाजूचे झिजलेत का, टायरमधली हवा सारखी आहे का. हे ठीक असेल तर टेप घ्या. स्टीअरिंग अगदी सरळ ठेवून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी माप घ्या. जिप्सी किंगचा व्हीलबेस २३७५ मिलिमीटर. टेपने तो अगदी काटेकोर येणार नाही, पण डावी-उजवी मापं जवळजवळ सारखी आली पाहिजेत. एका बाजूला उघड फरक दिसला तर एक्सल सरकलाय. त्याला बुश कारणीभूत असू शकतो, पण पाट्यातल्या पट्ट्यांना एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटलेला असण्याचीही तेवढीच शक्यता. एक्सल पाट्याला बांधणारे यू बोल्ट ढिले राहिले की सेंटर बोल्ट तुटतो आणि एक्सल पाट्यावरून हळूहळू घसरतो. म्हणून यू बोल्टला पाना लावल्याशिवाय बुशच्या कामाला हात घालू नका. कच्च्या रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीत शॉकअपच्या टोकांचे रबरही बघून घ्या. त्यांचा आवाज हुबेहूब पाट्याच्या बुशसारखा येतो, आणि ते बदलणं फारच सोपं आहे.

घरी करता येईल का? जिप्सीचं येईल. ही गाडी १९८५ साली आली तेव्हापासून शेवटपर्यंत पुढेमागे दोन्हीकडे पाट्यांवरच राहिली, आणि तिचे बुश दोन अर्ध्या तुकड्यांचे असतात. एक इकडून, एक तिकडून कडीत सरकवायचा. प्रेसची गरज पडत नाही. एका पाट्याला दोन कड्या आणि शॅकलची चेसिसकडची एक जागा, म्हणजे तीन जागा, प्रत्येकी दोन तुकडे. चार पाट्यांचे मिळून २४. दुकानात जाताना हा आकडा लक्षात ठेवा. चेसिसकडचे आठ लोक विसरतात आणि मग ‘सगळे बुश बदलले तरी आवाज आहे’ असं पत्र मला येतं. तुमच्याही गाडीत ते आठ बदलले होते का, हे जुनी पाकिटं नाहीतर बिल सापडलं तर मोजून बघा.

कामाच्या आदल्या रात्री सगळ्या नट-बोल्टवर गंज सोडवणारं ऑइल मारून ठेवा. एका वेळी एकच पाटा सोडा, आणि पाट्याचंही एका वेळी एकच टोक. दोन्ही टोकं एकदम सोडली की एक्सल मोकळा होऊन फिरतो आणि परत भोकांत भोक आणताना अर्धा दिवस जातो. चेसिसखाली घोडी (वजन पेलणारा लोखंडी स्टँड) लावायची, नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जायचं नाही. दुसरा जॅक एक्सलखाली लावून एवढाच उचला की पाट्यावरचा ताण जाईल आणि पिन हाताला सैल लागेल. ही जागा सापडली की हातोडा जवळजवळ लागतच नाही. पिन अडकलीच असेल तर नट दोन-तीन आटे ठेवून त्यावर ठोका, म्हणजे आटे चेपणार नाहीत.

जुनं रबर चाकूने किंवा एक्सॉ ब्लेडने कापून काढा. ते जाळून काढायची पद्धत काही ठिकाणी आहे. तुमच्या गाडीला ती करू देऊ नका. पाट्याला पाणी दिलेलं असतं, म्हणजे तापवून-थंड करून तो कडक केलेला असतो, गॅसच्या ज्योतीने कडी लाल केली की ते उतरतं आणि तीच कडी पुढे घाटात तुटते. शिवाय त्या धुरात उभं राहणारा पोरगा कुणाचा तरी मुलगा असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे घाईत राहून जातं. काढलेली पिन कापडाने पुसून उजेडात धरा आणि नखाने चाचपा. जिथे रबर होतं तिथे नखाला पायरी लागली, तर पिन झिजली आहे. व्हर्निअर असेल तर न झिजलेल्या भागाचं आणि मधल्या भागाचं माप घ्या. झिजलेल्या पिनवर नवा बुश घातला तर तो पहिल्या दिवसापासून सैल आहे, कितीही ओरिजिनल असो. पिन नवी घ्या. कंपनीची मिळाली नाही तर सातपूर-अंबडला चांगला टर्नर बनवून देईल, पण साध्या सळईतून नव्हे. कडक लोखंड आणि तोच व्यास हवा, आणि जुनी पिन नमुन्याला द्या. कडीही आतून तारेच्या ब्रशने साफ करून चीर आहे का, गोलाई गेली आहे का ते बघा.

नवा बुश बसवताना साबणाचं पाणी लावा. ग्रीस नको, इंजिन ऑइल नको, डिझेल तर नकोच. खनिज तेलाने रबर फुगतं आणि मऊ पडतं. इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो, कारण आपल्याकडे ही सवय घट्ट बसली आहे. वॉशिंग सेंटरवर पाणी मारून झालं की खालून डिझेल किंवा काळं ऑइल फवारतात, गाडी चकचकीत दिसते आणि करकर थांबते. ते ऑइल प्रत्येक बुशवर, प्रत्येक रबरी बुटावर बसतं. पुढच्या गावी धूळ त्याला चिकटते आणि त्याचा घासणारा लेप बनतो. वॉशिंगला गाडी देताना ‘खालून ऑइल मारू नका’ असं स्पष्ट सांगा आणि तिथे उभे राहा. पाट्यांची करकर सहन करा, नाहीतर पाट्यातल्या पट्ट्यांच्या मधे जपून वंगण घाला. फवारा नको.

सगळे तुकडे बसले की नट फक्त टेकेपर्यंत फिरवा. चाकं चढवा, गाडी खाली घ्या. बंपरवर भार देऊन चार वेळा दाबा, गाडी थोडी पुढेमागे ढकला म्हणजे पाटा आपल्या नेहमीच्या उंचीवर स्थिर होईल. मग गाडीखाली सरकून टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळा. जिप्सी उंच आहे, तिच्याखाली चाकं जमिनीवर असतानाही हात पोचतो. हे काम लिफ्टवरच उरकायला काही कारणच नाही. आठवडाभर चालवून पुन्हा एकदा पाना लावा, यू बोल्टलाही.

पॉलीबद्दल. पॉलियुरेथेन रबरापेक्षा कठीण असतं आणि ते पिळत नाही. पिन त्याच्या आत घसरत फिरते. म्हणून त्याला वंगण लागतं, तेही त्याच्यासाठी असलेलं सिलिकॉनचं ग्रीस, आणि ते वेळोवेळी पुन्हा भरावं लागतं. ऑइलचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही, आकार धरून राहतं, डांबरी रस्त्यावर स्टीअरिंग टवटवीत वाटतं, हे सगळं खरं आहे. पण तुम्ही जाता वाघेऱ्याच्या चिखलात. तिथे ग्रीस धुऊन जातं, रेती आत बसते आणि पॉली पिनला खातं. दुसरं म्हणजे, आडव्या-तिडव्या दगडांवर एक चाक वर, एक खाली असताना पाटा नुसता वाकत नाही, तो आडवाही पिळतो. रबर त्याला वाट देतं. कठीण पॉली तो ताण पुढे कडीवर आणि ब्रॅकेटवर ढकलतं. पाट्यांच्या गाडीत, आपल्या भागात, मी कंपनीचं रबरच घालतो. आणि वजनावर आवळतो.

प्रश्न : काका, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कॉलेज रोडला राहतो. बाबांची २०१२ची थार सीआरडीई आहे. पुढच्या डाव्या लोअर आर्मचा (चाकाला चेसिसशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचा) बुश फाटलाय, रबराला आरपार चीर दिसते. मी व्हिडिओ बघून ठेवलेत, टूलकिट आहे. पार्किंगमध्ये मी आणि मित्र करू शकतो का?
— एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : तुझी उमेद मोडायची इच्छा नाही, पण हे काम पार्किंगमधलं नाही. त्या थारला मागे पाटे आहेत आणि पुढे टॉर्शन बार. जाड लोखंडी सळई पिळून ठेवलेली असते आणि तिच्या पिळावर गाडीचा पुढचा भाग उभा असतो. तो पीळ व्यवस्थित उतरवल्याशिवाय आर्म सोडलास तर आर्म झटक्याने सुटतो आणि समोर हात असेल तर हात जातो. ज्याने हे आधी केलंय अशा मेकॅनिकच्या शेजारी उभा राहा, बाबांना सांगून त्याच्याकडून शिक.

तिथे उभा असताना चार गोष्टींवर लक्ष ठेव. टॉर्शन बारचा ॲडजस्टिंग बोल्ट सैल करण्याआधी त्याचे किती आटे बाहेर आहेत ते मोजून, खुणेचा रंग लावून ठेवला पाहिजे. नाहीतर पुढची उंची बदलते. बुश प्रेसने काढला पाहिजे, हातोड्याने नाही, आणि नवा दाबताना प्रेसचा जोर बाहेरच्या लोखंडी कवचावर यायला हवा. रबरावर किंवा आतल्या नळीवर जोर आला की नवा बुश बसण्याआधीच आतून सुटतो आणि वरून दिसत नाही. काही बुशच्या रबरात मुद्दाम खाचा ठेवलेल्या असतात. त्या कोणत्या दिशेला होत्या याची खूण जुना काढण्याआधीच आर्मवर करायची. आणि आर्मचे बोल्ट शेवटी केव्हा आवळायचे, ते वरच्या उत्तरात वाचलंस. या बुशमध्ये तर रबर आतल्या नळीला आणि बाहेरच्या कवचाला चिकटवूनच टाकलेलं असतं, त्यामुळे घसरून सुटका करून घ्यायचीही सोय नाही. लोंबत्या आर्मवर आवळला की चीर ठरलेली. तुझ्या गाडीतल्या चिरेचं कारणही हेच असू शकतं. आधी कधी तिथे हात लागला होता का, हे बाबांना विचार.

एका बाजूचा फाटला असला तरी दोन्ही बाजूंचे बदला. मग अलाइनमेंट.

प्रश्न : आमची बोलेरो द्राक्षाच्या क्रेट वाहून, बागेतल्या रस्त्यांनी फिरून दमली आहे. पुढचे टायर आतल्या अंगाने खातात. अलाइनमेंट केली की काही दिवस बरं, मग पुन्हा तेच. टायर बदलून थकलो.
— बागायतदार, दिंडोरी तालुका

उत्तर : भाऊ, अलाइनमेंटवर आणखी पैसे घालवू नका. मशीन गाडी उभी असताना माप घेतं. तुमचे आर्मचे बुश सैल असतील तर उभ्या गाडीत आकडे हिरवे येतात आणि रस्त्याला लागून ब्रेक मारला की चाक वेगळ्याच कोनात जातं. आधी पुढचं चाक उचलून वर-खाली आणि डावं-उजवं धरून हलवून बघा. वर-खाली हललं तर बॉल जॉइंट, आर्मचे बुश किंवा चाकाचं बेअरिंग. डावं-उजवं हललं तर टाय रॉड एंडकडे, म्हणजे स्टीअरिंगच्या दांड्याच्या टोकाकडे बघा. ज्याचा दोष असेल ते बदला, आणि मग एकदाच अलाइनमेंट करा. टायर मात्र त्यानंतर घ्या, आधी नको.

बोलेरो नाशिकच्याच कारखान्यात बनत आली आहे, पार्टसाठी तुम्हाला लांब जावं लागणार नाही. त्यामुळे स्वस्तातल्या डुप्लिकेट बुशचा मोह टाळा. क्रेटच्या दिवसांत मागच्या पाट्यांवर जो भार येतो तो पाहता मागच्या शॅकलचेही बुश याच वेळी बघून घ्या. आणि छाटणीनंतर फवारणीच्या दिवसांत औषधाचं पाणी गाडीखाली साचू देऊ नका, साध्या पाण्याने धुवा.

प्रश्न : वडिलांची जुनी जीप आहे. तिच्या पाट्याच्या पिनांना ग्रीसचे निपल आहेत. त्यात ग्रीस भरू की नको? तुम्ही तर मागे म्हणाला होतात की बुशला ग्रीस लावू नये.
— एक वाचक, सिन्नर

उत्तर : भरा. निपल आहे म्हणजे आत धातूचा बुश आहे, आणि धातूचा बुश खरोखरच बेअरिंगसारखा घसरत फिरतो. त्याला ग्रीस हेच अन्न. जुनं काळं ग्रीस आणि माती बाहेर येऊन मागोमाग नवं स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत भरत राहा. पावसाळ्यात पाण्यातून गेलात तर घरी आल्यावर लगेच. ग्रीस बाहेर येतच नसेल तर पिनमधली वाट चोंदली आहे, पिन काढून साफ करावी लागेल. फक्त एक तपासा : कुणीतरी आधीच्या काळात धातूचे बुश काढून रबराचे घातले आणि जुन्याच पिना ठेवल्या, असंही आढळतं. कडीच्या टोकाला रबराची कॉलर दिसली तर निपल असूनही ग्रीस भरू नका.

प्रश्न : मी सुरगाण्याजवळच्या एका पाड्यावर शिक्षिका आहे. आमच्या जुन्या जिप्सीचा मागच्या पाट्याचा एक बुश पूर्ण निघून गेला, रबर राहिलंच नाही. इथे पार्ट मिळत नाही. नाशिकला गाडी आणेपर्यंत काय करावं?
— एक वाचक

उत्तर : ताई, आधी हे बघा की कोणत्या टोकाचा बुश गेलाय. पाट्याचं एक टोक थेट चेसिसच्या ब्रॅकेटला बोल्टने बसलेलं असतं, दुसरं शॅकलमार्फत. शॅकलच्या टोकाचा गेला असेल तर आवाज फार येईल, गाडी डोलेल, पण एक्सल आपल्या जागी राहतो. ब्रॅकेटच्या टोकाचा गेला असेल तर गोष्ट गंभीर आहे, कारण एक्सलला पुढे-मागे धरून ठेवणारं तेच टोक. मागचा एक्सल एका अंगाने सरकला की गाडी स्वतःच वळते.

दोन्ही वेळी तात्पुरता इलाज सारखाच. जुन्या ट्यूबच्या किंवा जाड रेडिएटर होजच्या पट्ट्या कापा, पिनभोवती घट्ट गुंडाळा आणि कडीत जोर लावून बसेल एवढी जाडी करा. साबणाचं पाणी लावून सरकवा. मऊ ट्यूबपेक्षा होजची पट्टी जास्त टिकते, कारण तिच्यात धागा असतो. नट लावा, गाडी चाकांवर आल्यावर आवळा.

बोल्ट मात्र काढून बघितल्याशिवाय निघू नका. तो मधे बारीक झालेला असेल, किंवा ब्रॅकेटचं भोक लांबट झालेलं असेल, तर पट्ट्यांच्या भरवशावर घाट उतरायचा नाही. टेम्पोवर चढवून आणा. बोल्ट ठणठणीत असेल तर गाडी रिकामी ठेवून, हळू, उतारावर खालच्या गिअरमध्ये, जोरात ब्रेक न मारता या. मधे दोन-तीनदा थांबून पट्ट्या जागेवर आहेत का ते बघा, आणि त्या बाजूच्या यू बोल्टला हात लावून बघा. निघण्याआधी बोल्टची लांबी, जाडी आणि कडीचं आतलं माप लिहून इथल्या दुकानदाराला फोनवर कळवा, म्हणजे गाडी पोचेपर्यंत पार्ट काढून ठेवलेला असेल.